घासून पिवळं केलेलं तपेलं

माझ्या हातून आजवर जे मूर्खपणाचे उद्योग झाले, त्यांत पहिल्या पाटावर बसायचा मान त्या तपेल्याचा. सासरी येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या पितळी तपेल्याची आतली कल्हई मी ओढ्यावर बसून राख, चिंच आणि वाळू लावून घासून काढली. चुकून नव्हे, चांगली मेहनत घेऊन. उन्हं कलायला लागली तरी मी उठले नाही. नखं झिजली, बोटांची सालटी निघाली, पण तपेलं आतून सोन्यासारखं पिवळंधमक झालं, तेव्हाच माझा जीव थंड झाला. ते डोक्यावर घेऊन घरी येताना माझी चाल अशी होती, की जणू केडगावची पाटीलकी मलाच मिळाली आहे.

माझी बाजूही थोडी ऐकून घ्या. माझं माहेर काष्टीच्या अलीकडं, घोडनदीच्या बाजूला. आमच्याकडं आमटी मातीच्या गाडग्यात, भाकरी लोखंडी तव्यावर, आणि पाणी प्यायला एक पितळी तांब्या, तोही पाहुणा आला तरच फडताळातून बाहेर निघायचा. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा मुलामा देतात, त्याला कल्हई म्हणतात, ती नसली तर ताक, चिंच, असलं आंबट त्यात कळकतं आणि ते खाल्लेल्या माणसाच्या पोटात आगडोंब उसळतो, हे मला कोण सांगणार? सासरी तपेलं बघितलं तर बाहेरून पिवळं, आतून पांढुरकं, आणि बुडाशी हाताएवढा एक डाग पुन्हा पिवळा. चौदा वर्षांच्या माझ्या अकलेनं हिशोब जुळवला की, खरं भांडं पिवळंच, पांढरं आहे तो वर्षानुवर्षांचा मळ, आणि तो पिवळा डाग म्हणजे कोणी तरी आळशी सून तेवढंच घासून उठून गेली. ती आळशी सून म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईच असणार, असंही मी मनात ठरवून टाकलं होतं. आता हिची खोड मोडते म्हटलं.

घर आमचं शेतकऱ्याचं. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो आणि सासूबाईंना आत्याबाई. मामंजी घरात कमी, रानात जास्त. आत्याबाई उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि फार कमी बोलायच्या. त्यांच्या न बोलण्याचीच मला भीती वाटायची. माझी आई रागावली की ओरडायची, लाटणं फेकायची आणि घटकाभरात जवळ घेऊन गूळ द्यायची. आत्याबाई नुसत्या बघायच्या. त्यांनी बघितलं की मला वाटायचं, आता गाडी जुंपायला सांगतात आणि मला माहेरी पोचवतात. तशी एक सून आमच्याच आळीतून त्या वर्षी परत धाडली होती. का, ते कोणी सांगत नव्हतं, म्हणून मला सगळीच कारणं खरी वाटायची. थोरल्या जाऊबाई मात्र तोंडाचा पट्टा न थांबणाऱ्या. आणि माझी नणंद सात वर्षांची, सुंदरा तिचं नाव. पण मान नणंदेचा, म्हणून त्या नाक गळणाऱ्या पोरीला मी ‘वन्सं’ म्हणायची आणि ती मला ‘ए वयनी’ म्हणायची.

ज्वारीची काढणी चालू होती. त्या वेळी सावड असायची, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून माझ्या रानात राबायचं, उद्या तुझ्या. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही, पण ज्याचं रान त्यानं दुपारची भाकरी घालायची. आमच्या रानाची पाळी आली तेव्हा पंचवीसेक माणसं जेवायची होती. लढाईचे दिवस. पुण्याच्या रस्त्यानं लष्करी लॉऱ्या घरघरत जायच्या, तांदूळ-साखर कार्डावर, रॉकेल तर बघायला मिळत नव्हतं. अशा दिवसांत पंचवीस माणसांना पोटभर आणि चवीचं घालायचं, तर कढीसारखी गरिबाची सखी दुसरी नाही. ताकाला मोल नसायचं. ज्यांच्या घरी म्हैस होती त्यांनी आपापलं ताक आदल्या दिवशी आणून घातलं, आणि आत्याबाईंनी तिन्हीसांजेच्या अंधारात ते सगळं माझ्या त्या सोनेरी तपेल्यात ओतून ठेवलं. घरात एकच चिमणी, तीही देवापाशी. तपेल्याच्या आत कोण बघतंय? मी बाजूलाच उभी होते. वाट बघत होते की आत्याबाई म्हणतील, ‘अगंबाई, किती लख्ख घासलंस!’ त्या झाकण ठेवून निघून गेल्या. मला रागच आला.

ताक रात्रभर त्या पितळेत राहिलं. सकाळी अंधार असतानाच आत्याबाईंनी त्यातच कढी केली. हरभऱ्याचं पीठ मूठभर, बाकी ज्वारीचं लावून दाट केलेली, लसूण, हिरवी मिरची, जिरं, आणि करडईच्या तेलाची फोडणी. हळद सढळ. आता कळतं, ती हळदच वैरीण झाली. कढी हिरवी-निळी झाली असेल तरी पिवळीच दिसणार. आणि चव कोणी घेतली नाही, कारण रानातल्या म्हसोबाला नैवेद्य दाखवल्याशिवाय सावडीचं अन्न उष्टं करायचं नाही, असा आमच्या घरचा दंडक. फोडणी देऊन आत्याबाई विळा घेऊन रानात गेल्या. भाकरी मी आणि जाऊबाईंनी करायच्या, आणि कढी माझ्या डोक्यावर.

जाऊबाई पाण्याला गेल्या तेवढ्यात वन्सं चुलीपाशी आल्या. “वयनी, वाईच दे की. कुनी बगत न्हाई.”

“नैवेद्य व्हायचा आहे वन्सं.”

“म्हसोबा कुटं हितं बसलाय?”

ही वकिली मला पटली. शिवाय माझ्या तपेल्यातली कढी, मला तिचं कौतुक. एक वाटी भरून दिली. पोरगी घटाघटा प्यायली, तिनं ओठ पुसले आणि म्हणाली, “पैसा चोखल्यावानी लागतीय गं.” मी म्हटलं, “मिरची जास्त पडली असेल.” अशी मी शहाणी.

मग जाऊबाई आल्या, काठवटीपाशी बसल्या, आणि भाकरी थापता थापता त्यांचं सुरू झालं. बाहेर वेशीकडून कोणी तरी ‘कल्हईऽऽ’ म्हणून ओरडत गेला.

“आला गं बाई मेला एकदाचा,” जाऊबाई म्हणाल्या. “त्या तपेल्याच्या बुडाची कल्हई गेल्यालीय हाताएवढी. आत्याबाईला म्हनलं, औंदा लावून घ्या.”

“कल्हई म्हणजे काय?” मी विचारलं.

त्या भाकरी सोडून माझ्याकडं बघायला लागल्या. “कल्हई म्हाईत न्हाई तुला? अगं, त्यो आतून पांढरा रंग अस्तो ती! ती नसली का आंबट कळकतंय. आमच्या माह्यारी एका घरात लगीन हुतं, आचाऱ्यानं बिनकल्हईच्या भांड्यात चिंचेची आमटी केली. तीन मानसं गेली.”

“कुठं गेली?”

“कुटं गेली म्हंजी? वर गेली!” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. “आदी पोटात कळ येती. मंग वकाऱ्या. हिरव्या. मंग हातपाय गार. नवरदेवाचा मामा तर पानावरच आडवा झाला.”

पुढची भाकरी थापेपर्यंत तीनाची पाच माणसं झाली होती आणि टोपली भरत आली तेव्हा सात. आज मला ठाऊक आहे की जाऊबाईंच्या गोष्टीत माणसं अशीच मरायची, भाकरीगणिक. त्या लग्नात सगळ्यांना जुलाब-उलट्या झाल्या आणि सगळे आठ दिवसांत उठून बसले, हे मला त्यांच्या आईनंच पुढं सांगितलं. पण त्या सकाळी मी एकेक मढं मोजत होते. माझा हात तव्यावरच राहिला, चटका बसला तरी उमगलं नाही. तपेल्याकडं बघायची हिंमत होईना, आणि दुसरीकडं कुठं बघताही येईना. त्यावर झाकण होतं, झाकणावर फडकं बांधलं होतं, आणि अंगणात वन्सं एका पायावर लंगडी घालत गात होत्या. मी त्यांचे हात गार झाले का ते बघायला दोनदा बाहेर गेले. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “काय गं सारका हात धरतीस? सोड.”

आता तुम्ही म्हणाल, सांगून का नाही टाकलं? माझ्या नातीही हेच विचारतात, तोंड वर करून. मीही त्या वेळच्या मला विचारते, अगं भवाने, एवढं घासायला पदर खोचून बसलीस, मग सांगायला का दातखीळ बसली? पण भीतीचं असं असतं की ती एकटी येत नाही. जाऊबाईंना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार. कल्हई घासून काढली म्हणजे माहेरी काही शिकवलं नाही, आईचं नाव निघणार. नैवेद्याच्या आधी कढी उष्टी केली, ते वेगळंच. आणि हे सगळं कळल्यावर आत्याबाई नुसत्या बघणार, आणि गाडी जुंपणार. मी दर खेपेला तोंड उघडायची आणि म्हणायची, “जाऊबाई, पीठ सरलं.” पीठ सरलेलं नसायचं.

चुंबळ ठेवून जाऊबाईंनी तपेलं माझ्या डोक्यावर चढवलं. पंचवीस माणसांचं मरण मी माझ्याच डोक्यावर घेऊन निघाले. पुढं भाकरीची टोपली घेऊन जाऊबाई, मागं माझा पदर धरून वन्सं. वाटेत ओढा लागायचा, गोट्यांचा, शेवाळाचा. मी ठरवलं, इथं पडायचं. पाय घसरला म्हणायचं, कढी सांडली म्हणायचं, चार शिव्या खायच्या. पण काय सांगू! एरवी मी कोरड्या अंगणात ठेचकाळणारी, त्या दिवशी पाय असे पडले की डोंबाऱ्याच्या पोरीनं तोंडात बोट घालावं. गोटा हलला तरी मी हलले नाही. मान आपोआप सरळ राहायची, हात आपोआप वर जायचा. लहानपणापासून डोक्यावरचं सांडू द्यायचं नाही एवढंच तर शिकवलेलं. ओढा संपला, कढीचा थेंब सांडला नाही. पलीकडच्या काठावर वन्सं माझ्या पदराला लोंबायला लागल्या. म्हणाल्या, “वयनी, पोटात कसं तरी हुतंय.”

मला तिथून पुढची वाट आठवत नाही. फक्त तपेल्यातली कढी कानाशी डुचमळत होती तो आवाज आठवतो.

रानात बाभळीखाली सगळे हातपाय धुऊन बसले होते. म्हसोबाला नैवेद्य झाला. त्यात भाकरीवर कढीचे चार थेंब पडले, आणि मी म्हसोबाचीसुद्धा मनात क्षमा मागितली. पंगत बसली. पहिल्या पानावर तुकातात्या, सावडीतले सगळ्यात म्हातारे, द्रोण हातात धरून. “सूनबाईची कढी काय? आन इकडं, पोटात कावळं वरडायल्यात.” मामंजी त्यांच्या शेजारी. आत्याबाईंनी झाकण काढलं, पळी घातली, ढवळली. पळी भरून वर आली. तेवढ्यात माझ्या पाठीमागं वन्सं बांधावर वाकल्या आणि भडभडून ओकल्या.

मी ओरडले की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी दोन्ही हातांनी तपेल्याचा काठ धरला आणि ते उलथं केलं. सगळी कढी काळ्या मातीत गेली. भेगाळलेली जमीन ती, घटाघट प्यायली.

अन्न सांडलेलं, तेही त्या दिवसांत, तेही राबून आलेल्या माणसांपुढचं. मामंजी उठून उभे राहिले. जाऊबाई म्हणाल्या, “याड लागलं का गं हिला? अगं, लसूण मी सोलला हुता!” तुकातात्या नुसतेच रिकामा द्रोण धरून. मी तिथंच उकिडवी बसले, गुडघ्यात तोंड घालून, आणि वाट बघत होते की पहिला तडाखा कुठून येतोय.

आत्याबाईंनी आडवं पडलेलं तपेलं उचललं. दुपारचं ऊन होतं. घासल्यापासून पहिल्यांदाच त्या तपेल्याच्या आत उजेड गेला, आणि ते आतून असं लखलखलं की माझ्या मिटल्या डोळ्यांनाही दिसलं असेल. त्यांनी आत बघितलं. मग माझ्या सालटी निघालेल्या बोटांकडं बघितलं. मग बांधावर बसलेल्या सुंदराकडं. त्यांनी एवढंच विचारलं, अगदी हळू, “हिनं किती घेतली?”

“एक वाटी,” मी म्हटलं. सकाळपासून माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य.

त्यांनी पोरीला उचललं. मिठाचं पाणी पाजून पुन्हा ओकायला लावलं, बांधापलीकडं चरणारी शेळी धरून आणवली, तिचं दूध काढून पाजलं आणि तिला मांडीवर आडवी घेतली. हे सगळं करता करता मान वर न करता पंगतीला म्हणाल्या, “पाल पडली हुती कढीत. सूनबाईनं बगितली म्हनून बरं. जरा दम काढा, दुसरं कालवन करते.”

पाल! मी मान वर केली. तुकातात्या म्हणाले, “नजर हाय सूनबाईला. देवानंच वाचवलं म्हनायचं.” मामंजी खाली बसले. माझे यजमान पंगतीच्या टोकाला होते, सोळा-सतरा वर्षांचे. त्यांनी तेवढ्यात छाती जरा पुढं काढली. मला रडू यायचं ते तेव्हा आलं.

“रडाया येळ न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या. “घरी जा. येसराचं मडकं आन, आन् पान्याचा नवा डेरा आन. पळत.”

मी पळाले. येसर म्हणजे बाजरी, ज्वारी, हरभरा, धने, असं सगळं भाजून जाड दळलेलं पीठ. अडीअडचणीला घरात असावं असं. उकळत्या पाण्यात तिखट-मीठ घालून सोडलं की आमटी तयार. येताना पुन्हा ओढा लागला आणि तिथं, बघा नशीब, मी दोनदा घसरले. डेरा वाचला, गुडघा फुटला. तीन दगड मांडून चूल केली. आत्याबाईंनी पोरीला मांडीवरून उतरवलं नाही, मला म्हणाल्या, “कर.” मातीचं भांडं होतं, माझ्या आईच्या घरासारखं. ते माझ्या ओळखीचं. पण घाईत येसर निम्मं चुलीत गेलं, आणि गुठळ्या तर अशा झाल्या की बोरं म्हणून वाढता आली असती. कांदा ठेचून घातला, ओली मिरची, शेंगदाण्याचं कूट. आमटी झाली तरी कोणाला वाढायचा मला धीर होईना. मी पळी धरून नुसती उभी. तेव्हा आत्याबाईंनी हात पुढं केला, पळीतली आमटी तळहातावर घेतली, सगळ्यांदेखत प्यायल्या आणि म्हणाल्या, “वाड.” बाईमाणसानं पुरुषांच्या आधी जेवण तोंडाला लावलं, म्हणून एक-दोघांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी तिकडं बघितलं, भुवया खाली आल्या.

मी मात्र जेवले नाही. सुंदराच्या तळपायाला हात लावून बसले. गार होते, मग कोमट झाले, मग पुन्हा गार वाटले, ते माझेच हात गार होते. पेंढ्यांच्या सावलीत ती झोपली तेव्हा तिचा श्वास चालू आहे का, म्हणून मी तिच्या नाकापुढं बोट धरलं. उन्हं उतरली तरी बोट तिथंच. शेवटी ती जागी झाली, माझं बोट बघितलं आणि चावली. मग म्हणाली, “भाकर दे.” इतकं गोड मला आयुष्यात कोणी चावलं नाही.

त्या पालीनं मला केडगावात मोठं नाव मिळवून दिलं. पुढं वीस वर्षं कोणाच्याही घरी पंगत असली की, धान्य निवडायला मला बोलवायचे, ‘हिची नजर लई बारीक’ म्हणून. मीही मान तुकवायची आणि बसायची निवडायला. आता कबूल करते, मला तेव्हाही धड दिसत नव्हतं. आणि अक्कलही फारशी वाढली असं नाही. गेल्याच वर्षी नातसुनेचा एक तवा आतून काळाकुट्ट दिसला. म्हटलं, बिचारी नोकरी करते, वेळ मिळत नसेल, आपणच घासून ठेवू. तारेच्या काथ्यानं दोन तास घासला, चांदीसारखा निघाला. ती घरी आली, तवा बघून मटकन खाली बसली. काळा तो मळ नव्हता, अन्न चिकटू नये म्हणून दिलेला मुलामा होता. पण या वेळी मी लगेच सांगितलं. ते मी शिकले त्याच संध्याकाळी.

रानातून परत आल्यावर आत्याबाईंनी ते तपेलं दारातल्या खुंटीला पालथं टांगलं, कल्हईवाला परत येईपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून. मी उंबऱ्यापाशी उभी होते. गाडी कधी जुंपताय, एवढंच विचारायचं होतं. ते न विचारता मी भलतंच बोलले, “आत्याबाई, ते मी घासलं. मला वाटलं, मळ आहे.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, तसंच, नुसतं. मग माझा हात धरून बोटांना खोबरेल तेल लावलं, एकेका बोटाला, आणि म्हणाल्या, “आदी सांगायचं, मंग भ्यायचं. भ्यायला काय गं पोरी, समदा जलम पडलाय.”